भोकरच्या पुढचे डोंगर

माळशेज घाट चढून आलेला जुना कल्याण-निर्मल महामार्ग, म्हणजे आताचा राष्ट्रीय महामार्ग ६१, अहिल्यानगर, माजलगाव, पाथरी, परभणी असा मराठवाडा आडवा कापत नांदेडला पोचतो. बहुतेकांचा प्रवास इथंच थांबतो. रस्ता मात्र पुढे भोकरला जातो, भैंशाच्या अलीकडे राज्याची हद्द ओलांडतो आणि निर्मलला डोंगरांना भिडतो. शाळेत आपण सातमाळा, अजिंठा, हिंगोलीचे डोंगर, मुदखेडचे डोंगर, निर्मलचे डोंगर अशी नावं पाठ केलेली असतात. ती वेगवेगळ्या डोंगरांची यादी वाटते, पण आहे ती एकच रांग. सह्याद्रीतून फुटून पूर्वेला निघालेली, जाता जाता बुटकी आणि तुटक होत गेलेली. तिचं शेवटचं ठळक टोक निर्मलला आहे आणि ते आज तेलंगणात आहे.

नांदेडहून निर्मल सुमारे सव्वाशे किलोमीटर. पहाटे निघालं तर एका दिवसात घाट, धबधबा, जंगल बघून रात्री परतता येतं. लातूरकरांना आदल्या रात्री नांदेडला मुक्काम करावा लागेल, कारण लातूर-नांदेड हाच अडीच-तीन तासांचा रस्ता आहे. तरीही ही सहल करावी असं मी आग्रहानं म्हणेन, कारण हे डोंगर पाहिल्यावर आपल्या मराठवाड्याचा नकाशा वेगळा दिसायला लागतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. निर्मलच्या पूर्वेला जे मोठं संरक्षित जंगल आहे, त्या कवालला लोक सरसकट ‘नॅशनल पार्क’ म्हणतात. कायद्यानं ते अभयारण्य आहे आणि २०१२ पासून व्याघ्र प्रकल्प. फरक नुसता नावाचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्यानुसार राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं की आतले चराईचे, वहिवाटीचे हक्क संपतात. अभयारण्यात काही हक्क चालू ठेवता येतात, गुरं चारायलाही अटींवर परवानगी मिळू शकते. व्याघ्र प्रकल्प ही २००६ च्या दुरुस्तीनं कायद्यात आलेली तिसरी व्यवस्था. त्यात मधला गाभा वाघासाठी राखायचा आणि भोवतीच्या पट्ट्यात माणसानं जंगलाशी जुळवून राहायचं, अशी कल्पना आहे. कवालचा गाभा सुमारे ८९३ चौरस किलोमीटरचा आहे आणि भोवतालचा पट्टा त्याहून मोठा. मराठवाड्यात मात्र एकही राष्ट्रीय उद्यान नाही. महाराष्ट्रातली सहाच्या सहा विदर्भात, मुंबईत आणि सह्याद्रीत. आपल्याकडे आहेत ती अभयारण्यं, आणि त्यांतली बरीचशी इतकी लहान की सकाळी सुरू केलं तर दुपारपर्यंत पायी पालथी घालता यावीत.

भोकर सोडलं की थोड्याच वेळात हद्दीची पाटी येते. पाटीवरची लिपी बदलते, दुकानांच्या फलकांवर तेलुगू दिसू लागतं, पण माणसं बदलत नाहीत. भैंशाच्या बाजारात मराठी सर्रास चालते. यामागे इतिहास आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तोपर्यंत भैंसा, मुधोळ आणि कुबेर ही मंडळं नांदेड जिल्ह्यातच होती. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल मंडळंही आपलीच. ती सगळी आंध्र प्रदेशाला गेली. त्याच दिवशी उलट दिशेनं आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात आलं. लातूरच्या बाजूलाही तेच घडलं. निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके तोवर बीदर जिल्ह्यात होते, ते उस्मानाबादला जोडले गेले आणि १९८२ मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात आले. म्हणजे आज बासरला सरस्वतीच्या दर्शनाला, लेकरांच्या अक्षर-अभ्यासाला जाणारे नांदेडचे लोक ‘तेलंगणात’ जातात, पण त्यांचे आजे-पणजे स्वतःच्याच जिल्ह्यातल्या मुधोळ तालुक्यात जात होते. आपल्या भागातल्या कितीतरी घरांची सोयरीक अजून हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहे, ती यामुळेच.

डोंगरांना ही हद्द ठाऊक नाही, आणि जमिनीखालच्या खडकाला तर त्याहून नाही. लातूरपासून नांदेडपर्यंत पायाखाली काळा बेसाल्ट आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खनचं पठार झालं, त्याचा हा खडक. पश्चिमेला सह्याद्रीत हे थर दीड-दोन किलोमीटर जाड आहेत. पूर्वेकडे येताना ते पातळ होत जातात आणि नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात, देगलूर-बिलोलीकडे, अक्षरशः संपतात. लाव्हाखाली झाकलेला अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट तिथं उघडा पडतो. भैंशाहून निर्मलकडे जाताना खिडकीतून नीट पाहिलं तर ही अदलाबदल दिसते. सपाट माथ्याच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या टेकड्या मागे पडतात आणि गोल, गुळगुळीत धोंड्यांच्या राशी सुरू होतात. निर्मलच्या पुढे महबूब घाट चढायला लागलं की पुन्हा काळा दगड येतो. सह्याद्रीच्या घाटातला तोच खडक इथं आपली शेवटची उंची गाठतो. नांदेड समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे आणि या रांगेचा माथा पाचशे-सहाशे मीटरवर. हिमालय पाहिलेल्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण दिवसभर सोयाबीन आणि कापसाच्या सपाट रानातून आलेल्या माणसासमोर सागाच्या जंगलातून वर चढणारा रस्ता येतो तेव्हा डोंगर म्हणजे काय ते पुरेपूर कळतं.

निर्मल गावासाठी तासभर ठेवावा. इथली लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. पोनिकी नावाच्या झाडाचं हलकं, मऊ लाकूड त्यासाठी वापरतात. फळं, पक्षी, प्राणी इतके हुबेहूब रंगवतात की हातात घेतल्यावरच ते लाकडाचं असल्याचं समजतं. हे झाड आसपासच्या जंगलात मिळतं म्हणून ही कला इथं रुजली. जंगल आटलं तसं लाकूडही दुर्मीळ होत गेलं. गावाभोवती जुन्या गढ्या आणि बुरूज आहेत. निजामाच्या नोकरीतल्या फ्रेंच अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली त्या बांधल्या गेल्या. या गावाची दुसरी ओळख मात्र रक्तानं लिहिलेली आहे. १८५७ च्या उठावाची आग इथल्या डोंगरात दोन-तीन वर्षं धुमसत होती आणि तिचा पुढारी होता रामजी गोंड. १८६० मध्ये त्याला आणि त्याच्या साथीदारांना निर्मलला एका वडाला फाशी दिलं. लोकपरंपरा हजार जणांची संख्या सांगते आणि त्या वडाला हजार फासांचा वड म्हणते. मराठी शाळांच्या पुस्तकांत रामजीचं नाव क्वचितच भेटतं. तो आपल्याच मुलखातला आहे, हे आपण ओळखायला हवं.

घाट चढून गेल्यावर नेरडिगोंडा लागतं. तिथून सुमारे १२ किलोमीटर आत कुंतला धबधबा आहे. कडम नदी सुमारे ४५ मीटर खाली कोसळते, टप्प्याटप्प्यानं. दुष्यंताच्या शकुंतलेवरून हे नाव पडलं असं लोक सांगतात. खाली उतरायला पायऱ्या आहेत. पाणी शांत दिसतं तिथंच खोल आहे आणि खडक शेवाळलेले असतात. इथं अनेक तरुण बुडाले आहेत. उतरून पाहावं, पण पाण्यात शिरू नये. जवळच पोचेरा नावाचा दुसरा, बुटका पण रुंद धबधबा आहे. पावसाळ्यात तिथं गर्दी कमी असते.

इथं सहलीचं वेळापत्रक अडतं, आणि ते आधीच समजून घेतलेलं बरं. धबधबा भरलेला असतो तो जुलै ते सप्टेंबर, आणि नेमके हेच महिने व्याघ्र प्रकल्पांतली सफारी बंद ठेवण्याचे. उन्हाळ्यात सफारी उत्तम, कारण पाणवठ्यावर जनावर येतं आणि गळून गेलेल्या सागामुळे दूरवर नजर जाते. पण तेव्हा कुंतला म्हणजे ओल्या दगडावरची एक रेघ. दोन्ही हवं असेल तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा आणि नोव्हेंबर हा काळ साधावा. तरीही घाट-धबधबा आणि कवालचं जंगल एकाच दिवसात कोंबण्यापेक्षा दोनदा जावं, हे माझं मत. दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. धबधब्यासाठी निर्मलहून उत्तरेला जायचं, कवालसाठी पूर्वेला. खानापूर, कडम करत सफारीच्या जन्नारमला पोचायला निर्मलहून सत्तर-ऐंशी किलोमीटर पडतात. वाटेत कडमचं धरण लागतं. २०२२ च्या जुलैत या नदीला असा पूर आला की पाणी धरणावरून जातं की काय अशी वेळ आली होती. कुंतलाला कोसळणारं पाणी हेच, आणि पुढे ते गोदावरीला मिळतं.

कवालचं जंगल कोरडं पानझडी आहे. साग सगळ्यात जास्त, त्याच्या जोडीला ऐन, धावडा, तेंदू, मोह, बांबूची बेटं आणि ओढ्याकाठी अर्जुन. चितळ, सांबर, नीलगाय, चौशिंगा, रानगवा, अस्वल, बिबट्या, रानकुत्रे हे सगळे इथं आहेत. जन्नारमहून सफारीच्या गाड्या जातात. पण पहाटे गाडीत बसताना वाघ दिसेलच अशी आशा धरू नये. २०२२ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेच्या अहवालात कवालमधून वाघ नाहीसा झाल्याची नोंद आहे. व्याघ्र प्रकल्प आहे, हजारो चितळ-सांबरांसाठी गवत आहे, पाणी आहे, आणि वाघ मात्र स्थिरावत नाही. हे ऐकून सहल रद्द करावीशी वाटेल. मला तर कवालमधली सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट हीच वाटते, आणि तिचं उत्तर शोधायला पुन्हा हद्दीच्या अलीकडे, आपल्या बाजूला यावं लागतं.

वाघ एका जागी जन्मतो पण तिथं राहत नाही. नर बछडा दीड-दोन वर्षांचा झाला की आईच्या हद्दीतून बाहेर पडतो. त्याला स्वतःचा इलाका हवा असतो, आणि मोठे नर त्याला जवळ टिकू देत नाहीत. ज्या जंगलात वाघ भरपूर आहेत तिथून असे तरुण वाघ सतत बाहेर पडतात आणि रिकामी जंगलं भरतात. म्हणजे कवालला वाघ हवा असेल तर तो उत्तरेच्या ताडोबातून आणि टिपेश्वरातून, किंवा पूर्वेच्या इंद्रावतीकडून यायला हवा. त्यासाठी मधली वाट शाबूत हवी. टिपेश्वर हे यवतमाळ जिल्ह्यातलं पांढरकवड्याजवळचं अभयारण्य, जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. तिथं वाघ चांगले वाढले, इतके की जागा पुरेना.

२०१९ च्या फेब्रुवारीत देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी टिपेश्वरातल्या एका तरुण नराच्या गळ्यात रेडिओ पट्टा बसवला. जूनमध्ये तो निघाला. पैनगंगा ओलांडून आदिलाबादच्या जंगलात गेला, परत फिरला, नांदेड आणि हिंगोली जिल्ह्यांतून पश्चिमेला सरकत राहिला आणि डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर त्याची चाल १,३०० किलोमीटरच्या वर गेली होती. २०२० च्या एप्रिलमध्ये पट्टा काढला तेव्हा एकूण वाटचाल ३,००० किलोमीटरपेक्षा जास्त भरली. भारतात नोंदवलेली वाघाची सगळ्यात लांब वाटचाल ती हीच. लोकांनी त्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं. उपग्रहानं दाखवलेल्या ठिपक्यांची रेघ पाहिली की तो कसा चालला ते कळतं. दिवसा कापसाच्या, तुरीच्या शेतात, ओढ्याच्या झाडीत, कालव्याच्या कडेला दडी आणि रात्री चाल. कित्येक गावांच्या शिवारातून तो गेला आणि सकाळी फक्त ठसे मागे राहिले. त्याची वाट सरळ नव्हती. पुढे गेला, अडला, मागे वळला, दुसरीकडून निघाला. रानाचा एखादा तुकडा रस्त्यानं किंवा वस्तीनं तुटला की वाघाला असंच चाचपडत जावं लागतं.

२०२१ च्या मार्चमध्ये टिपेश्वरचाच आणखी एक नर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात दिसला. गौताळ्यात ऐंशी वर्षांनी वाघ आला होता. आणि लातूरकरांना जवळची गोष्ट २०२४ च्या डिसेंबरमधली आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यात पट्टेरी वाघ आला. लातूरहून हे ठिकाण साठेक किलोमीटरवर. रामलिंगाच्या यात्रेला गेलेल्या, दरीतल्या मंदिरात पाऊस अंगावर घेतलेल्या कित्येकांनी स्वप्नातही वाघाची कल्पना केली नसेल. अभयारण्य अवघं सुमारे २२ चौरस किलोमीटरचं. वाघाच्या गळ्यात पट्टा नव्हता, तरी तो कुठला ते कळलं, कारण प्रत्येक वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांची नक्षी वेगळी असते आणि दोन बाजूंचे दोन फोटो मिळाले की जुन्या नोंदींशी ती जुळवता येते. हाही टिपेश्वरचाच निघाला, साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालून आलेला. बालाघाटच्या रांगेपर्यंत.

आता नकाशा समोर घ्या. टिपेश्वर, मग दक्षिणेला पैनगंगा. नदीच्या दोन्ही काठांवर पैनगंगा अभयारण्य, काही यवतमाळमध्ये आणि काही नांदेडमध्ये. त्याला लागून किनवट-माहूरचं सागाचं जंगल. त्याला लागून आदिलाबाद-बोथचे डोंगर. आणि त्यांच्या दक्षिण-पूर्वेला कवाल. सातमाळ्याची रांग आणि पैनगंगेचं खोरं मिळून ही एक अखंड पट्टी होती. मध्ये कापसाची शेती वाढली, रस्ते रुंद झाले, रेल्वे आली आणि पट्टी जागोजागी विरत गेली. कापड विरतं तेव्हा आधी उभे धागे सुटे होतात आणि मग एके ठिकाणी भोक पडतं, तसं इथं चालू आहे. किनवटचं जंगल म्हणूनच महत्त्वाचं. कवालमध्ये वाघ नांदेल की नाही हे पुष्कळसं आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांवर अवलंबून आहे, आणि आपल्याला त्याची पुरेशी जाणीव नाही. माहूरला आपण रेणुकामातेच्या आणि दत्तशिखराच्या दर्शनाला जातो. गडावरून दिसणारं जंगल हे वाघाच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचं जंगल आहे, हे तिथं कुठल्या तरी फलकावर ठळक लिहिलेलं असायला हवं.

या वाटेनं वाघाच्या कितीतरी आधीपासून माणसं राहत आली. गोंड, कोलाम, परधान, आंध. किनवटमध्येही तेच समाज आणि उतनूर, इंद्रवेल्ली, बोथमध्येही. पौष अमावास्येला इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरला नागोबाची यात्रा भरते. मेसराम कुळातले गोंड त्यासाठी पायी गोदावरीवर जाऊन पाणी आणतात. कुळात नव्यानं आलेल्या सुनांची नागोबाशी ओळख करून देण्याचा ‘भेटिंग’ हा विधी यात्रेतला मोठा क्षण असतो. महाराष्ट्रातले गोंडही या यात्रेला जातात. केसलापूर निर्मल-आदिलाबाद रस्त्यापासून लांब नाही. पौषात कुणी या बाजूला गेलं तर यात्रा पाहावी, मात्र अंग चोरून, पाहुण्यासारखं.

जंगल आणि जमीन यांच्यावरून इथं पुन्हा पुन्हा संघर्ष झाला आहे. निजामाच्या वनखात्यानं राखीव जंगलातून गोंडांना हुसकायला सुरुवात केली तेव्हा कुमरम भीम उभा राहिला. जल, जंगल, जमीन ही आज देशभर ऐकू येणारी घोषणा त्याच्या नावाशी जोडलेली आहे. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात तो पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. हा उठाव का झाला ते समजून घेण्यासाठी हैदराबाद सरकारनं ख्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला बोलावलं. तो आणि त्याची पत्नी एलिझाबेथ मारलवाई या गोंड खेड्यात राहिले, गोंडी शिकले. गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करणारं केंद्र तिथं सुरू झालं. एलिझाबेथची समाधी मारलवाईतच आहे.

आणि इथं आपल्या लातूरचा एक माणूस भेटतो. सेतुमाधवराव पगडी. शिवकालाचे आणि मोगल काळाचे अभ्यासक, महाराष्ट्र गॅझेटियरचे संपादक म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो. त्यांचा जन्म १९१० मध्ये निलंग्याचा. हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत असताना ते आदिलाबादच्या गोंडांमध्ये काम करायला गेले. नुसती फाइल हलवून परतले नाहीत. गोंडी शिकले, तिचं व्याकरण लिहिलं आणि आदिलाबादच्या गोंडांवर १९४९ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं. फारसी कागदपत्रांत रमणारा विद्वान मोहाच्या झाडाखाली बसून गोंडी क्रियापदांची रूपं टिपून घेतो, हे चित्र मला फार मोलाचं वाटतं. निलंग्याहून उतनूरला जाताना त्यांना राज्याची हद्द लागलीच नव्हती, कारण तेव्हा ती तिथं नव्हती. बीदर जिल्ह्यातला माणूस आदिलाबाद जिल्ह्यात गेला, इतकंच. १९५६ नंतर मराठवाड्याचा अभ्यासक आणि आदिलाबादचा गोंड यांच्यामध्ये भाषेची, प्रशासनाची भिंत आली आणि त्यांच्यासारखं काम पुढे आपल्याकडून फारसं झालं नाही. ही उणीव मला वाघाच्या तुटलेल्या वाटेइतकीच बोचते.

आज जंगल राखायचं म्हटलं की हाच जुना प्रश्न नव्यानं उभा राहतो. कवालच्या गाभ्यातली मैसमपेट आणि रामपूर ही दोन गावं २०२४ मध्ये बाहेर वसवली गेली. केंद्राच्या योजनेत प्रत्येक कुटुंबाला १५ लाख रुपये किंवा जमीन-घर असा पर्याय असतो, आणि वनहक्क कायद्यानुसार गावाची संमती घ्यावी लागते. २०२५ च्या मे महिन्यात तेलंगण सरकारनं कवाल आणि ताडोबा यांना जोडणारा पट्टा ‘कुमरम भीम संवर्धन राखीव’ म्हणून जाहीर केला. आदिवासींनी जोरदार विरोध केला, आपल्याला पुन्हा जंगलातून काढतील ही भीती त्यामागे होती, आणि जुलैमध्ये त्या आदेशाला स्थगिती मिळाली. जल, जंगल, जमीन म्हणत लढलेल्या माणसाच्या नावानं पट्टा जाहीर करायचा आणि त्याच्याच लोकांशी आधी बोलायचं नाही, हे चूकच होतं. पण वाघाची वाट राखायची गरज त्यामुळे संपत नाही. संवर्धन राखीवमध्ये लोकांचे हक्क संपत नाहीत, हा कायद्यातला मुद्दा गावागावात बसून, गोंडीत आणि कोलामीत समजावून सांगितला गेला असता तर कदाचित वेगळं घडलं असतं.

हद्दीच्या दोन्ही बाजूंनी मिळून जंगल राखणं अशक्य नाही. १९३२ मध्ये कॅनडातलं वॉटर्टन लेक्स आणि अमेरिकेतलं ग्लेशियर ही डोंगराळ राष्ट्रीय उद्यानं जोडून जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय शांतता उद्यान झालं. अस्वलं पलीकडे जातात आणि परत येतात. आपल्या जवळचं उदाहरण पेंचचं. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोघांनी एकाच नदीच्या नावाचे दोन व्याघ्र प्रकल्प शेजारी शेजारी केले. पैनगंगेच्या बाबतीत गुंता जास्त आहे. ही नदी एकेकाळी इंग्रजांचं वऱ्हाड आणि निजामाचं राज्य यांच्यामधली हद्द होती. आजही ती विदर्भ-मराठवाडा आणि पुढे महाराष्ट्र-तेलंगण अशी हद्दच आहे. हद्दीवरच्या जंगलाला दोन्हीकडच्या कार्यालयांत दुय्यम जागा मिळते. पाण्याच्या बाबतीत मात्र दोन राज्यांना एकमेकांशी बोलावंच लागलं. धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ च्या निकालानं दरवाजे कधी उघडायचे, कधी बंद करायचे याच्या तारखा ठरल्या. १ जुलैला दरवाजे वर जातात आणि ऑक्टोबर संपताना खाली येतात. गोदावरीच्या पाण्यासाठी दोन राज्यं तारखा पाळू शकतात, तर किनवट आणि बोथच्या वनरक्षकांनी एकमेकांच्या कॅमेऱ्यांतले फोटो नियमित जुळवून पाहणं त्यापेक्षा सोपं आहे.

घाट आणि धबधब्याची सहल असेल तर परतताना निर्मल-भैंसा रस्ता पुन्हा धरू नये. नेरडिगोंड्याहून बोथमार्गे किनवटला उतरावं. हा रस्ता अरुंद आहे, वेळ जास्त लागतो, पण संपूर्ण पट्टा इथंच पाहायला मिळतो. साग, मध्येच कापूस, पुन्हा साग, एखादी कोलामांची वस्ती. किनवटपासून नांदेडच्या वाटेवर इस्लापूरजवळ सहस्रकुंड आहे. पैनगंगा तिथं काळ्या बेसाल्टमधून शेकडो धारांनी खाली येते. ज्यांना गाडीनं जायचं नाही त्यांना रेल्वेही आहे. नांदेडहून आदिलाबादला जाणारी गाडी भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट अशी याच खोऱ्यातून जाते. पाण्याच्या बाटल्या आणि डबा बरोबर ठेवावा, प्लास्टिक जंगलात टाकू नये, आणि अंधार पडायच्या आत किनवट गाठावं. किनवट ते इस्लापूर हा रस्ता रात्री रानडुकरं, नीलगायी आणि कधीतरी एखादा टिपेश्वरचा पाहुणा ओलांडतो, त्यामुळे तिथं गाडीचा वेग चाळीसच्या वर नसावा.